इंजिन बदलायचंय? आधी ब्रेक बघ

गेल्या रविवारी सकाळी नऊला भाचा दारात हजर. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी तो हजीऱ्यात कामाला लागला. सुट्टीच्या दिवशी अकराच्या आत त्याचे डोळे उघडत नाहीत, तेव्हा पोराचं काहीतरी काम असणार हे ओळखलं. चहा यायच्या आधीच त्यानं मोबाइल पुढं केला. फोटोत एका भंगारवाल्याच्या अंगणात, जुन्या टायरवर ठेवलेलं इंजिन.

"मामा, बोलेरो पिकअपचं आहे. 2523 सीसी, टर्बो. पाच हजार बयाणा देऊन आलोय. आप्पांच्या गाडीत बसवू या."

मी चष्मा पुसला, फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "ब्रेकचं काय करणार?"

"ब्रेकचं काय? मी इंजिनाचं बोलतोय."

इथूनच आमचं जुंपलं, ते दुपारची पानं वाढेपर्यंत. या सदरात मी सहसा कारखान्यातल्या गोष्टी लिहितो. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावी गोठ्याशेजारी आजोबांची एखादी जीप नाहीतर पिकअप धूळ खात उभी असेल. हल्ली व्हिडिओ बघून कुणालाही वाटतं की इंजिन म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. सेल काढला, दुसरा घातला. म्हणून यावेळी हेच.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची गाडी महिंद्राची एफसी 150 पिकअप, साठच्या दशकातली. तुम्ही पोरांनी ती पाहिलेली नसेल. विलिज कंपनीनं अमेरिकेत 1956 च्या अखेरीस काढलेली ही गाडी महिंद्रानं आपल्याकडे बनवली. सांगाडा जीपचाच, पण पुढं नाक नाही. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. आम्ही भावंडं त्या झाकणावर गोणपाट टाकून बसायचो. थंडीत ती जागा मिळावी म्हणून भांडणं, आणि उन्हाळ्यात तिथं बसावं लागू नये म्हणून भांडणं.

आत पेट्रोलचं हरिकेन इंजिन होतं, जीपमध्ये असायचं तेच, 2199 सीसीचं. आप्पा साक्रीहून कांदा भरायचे आणि सुरतेला आणायचे. जो हायवे आपल्या हजीऱ्यापासून सुरू होतो, तोच व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी करत कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीवरून धुळ्याकडे जातो. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणायचे, आता 53 म्हणतात. माल सुरतेकडे येताना घाट उतरायचा आणि परतताना चढायचा, एवढं लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं क्रूडचं पिंप पुढच्या जानेवारीपर्यंत बाराच्या घरात गेलं. पेट्रोलवर चालणारी मालाची गाडी म्हणजे घरात पाळलेला हत्ती झाली. देशभर जीपवाले, टॅक्सीवाले, पिकअपवाले एकच प्रश्न विचारत होते, हिच्यात डिझेल बसेल का? आप्पांनी गाडी विकायची ठरवली, पण पेट्रोलची गाडी घेणार कोण? शेवटी एका मिस्त्रीनं सुचवलं, ट्रॅक्टरचं इंजिन बसवू. इंटरनॅशनलचा बी-275 ट्रॅक्टर तेव्हा खानदेशात गावोगावी दिसू लागला होता. त्याचं 35 हॉर्सपॉवरचं, 144 घनइंचाचं एक इंजिन उलटलेल्या ट्रॅक्टरमधून मिळालं. आईच्या पाटल्या गेल्या. त्या परत आल्या, पण सहा वर्षांनी.

इंजिन आत मावलं, हे भाच्याला मोठं काम वाटतं. ते सगळ्यात सोपं. साखळीवर उचललं, खाली सोडलं, चॅनलचे तुकडे वेल्ड करून फाउंडेशन केलं, झालं. खरं दुखणं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या लग्नात असतं. दोघांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे जाड प्लेट लागते. ती प्लेट अशी हवी की क्रँकची रेषा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेषा एकच राहील. फरक पाच थाऊच्या आत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आज आपल्या शॉपमध्ये डायल गेज लावून हे पंधरा मिनिटांत बघता येतं. मिस्त्रीकडे डायल गेज नव्हता, नजर होती. त्या नजरेनं वर्षभरात तीन पायलट बेअरिंगं आणि एक क्लच प्लेट खाल्ली. चौथ्या वेळी आप्पांनी प्लेट धुळ्याला नेऊन चांगल्या लेथवर नव्यानं करून घेतली, तेव्हा गाडीचं कण्हणं थांबलं.

मग बारीकसारीक. पेट्रोलच्या गाडीला टाकीपासून एक नळी पुरते. डिझेलला इंजेक्टरमधून उरलेलं इंधन परत टाकीत सोडायला दुसरी लागते. डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबून दाबून इतकी तापवायची की इंधन आपोआप पेटावं. जुन्या पेट्रोल इंजिनात हवा सात-साडेसात पट दाबली जायची, डिझेलमध्ये सोळा ते बावीस पट. तेवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायचं म्हणजे स्टार्टर दणकट हवा आणि बॅटरी मोठी. एफसी आधीच पुढून जड. तिच्यात ट्रॅक्टरचं ओतीव धूड बसल्यावर पुढचे पाटे बसले, म्हणून एकेक पाटा वाढवला. झाकणाखालचा आवाज असा की आप्पा पुढं आयुष्यभर घरातसुद्धा ओरडूनच बोलले.

वेगाचं गणित मात्र बसून करण्यासारखं आहे. भाच्याला मी वहीवर मांडून दाखवलं. जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण 5.38, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन 5.38 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. चाकाचा एक फेरा साधारण 2.3 मीटरचा. पेट्रोल इंजिन मिनिटाला 4000 फेरे घ्यायचं, म्हणजे गाडी ताशी शंभराला टेकायची. ट्रॅक्टरचं इंजिन 1875 फेऱ्यांचं. करा भागाकार: ताशी 48. साक्री ते सुरत चार तास, थांबलात तर पाच. पण डिझेलचं बळ कमी फेऱ्यांत मिळतं. त्यामुळे ज्या घाटात पेट्रोलची गाडी तीनदा उकळायची, तिथं ही न थांबता, बैलाच्या चालीनं का होईना, चढून जायची. खर्च निम्म्याखाली आला. आप्पा खूश. गाडी ओढतेय म्हटल्यावर गोणी वाढल्या. बारा होत्या त्या अठरा झाल्या, मग बावीस.

आता ब्रेक. इंजिन बदललं होतं; ब्रेक जीपचेच होते, जुने ड्रमचे. 1976 च्या हिवाळ्यात, पहाटे, बावीस गोणी कांदा घेऊन आम्ही कोंडाईबारी उतरत होतो. मी नऊ वर्षांचा, झाकणावर. क्लीनर पोरगा मागं गोणींवर. माझं काम ठरलेलं: गाडी थांबली की उडी मारून चाकाला दगड लावायचा. दुसऱ्या वळणानंतर आप्पांनी पेडल दाबलं आणि ते खाली गेलं ते वर आलंच नाही. आणखी एक गंमत त्यांना माहीत नव्हती, मलाही ती पुढं शिकताना कळली. पेट्रोल इंजिनावरून पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, इंजिन हवा ओढायला धडपडतं आणि गाडीला मागं धरतं. साध्या डिझेलला हवेचा तो दरवाजाच नसतो, त्यामुळे उतारावर ते तितकं धरत नाही. आप्पांनी धडपडत खालचा गिअर टाकला, दात कडाकडा वाजले, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. कांदे अर्ध्या घाटभर. क्लीनरचा हात मोडला. मी दगड हातात धरून उभा होतो, कुठल्या चाकाला लावायचा ते कळत नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर आप्पांनी पिकअपच्या मागच्या फळीवर आतून लाल रंगाची एक रेघ ओढली. पंधरा गोणींची रेघ. तिच्यावर माल चढला नाही, कधीच.

हे ऐकून भाचा थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "ते जुन्या काळचं, मामा. आता सगळं रेडीमेड."

म्हटलं, जुन्या काळचं कशाला, आपल्या हजीऱ्यातलंच घे. 2024 च्या जुलैत इथल्या एल अँड टीच्या कारखान्यात डीआरडीओचे प्रमुख समीर कामत यांच्यासमोर 'जोरावर' हा हलका रणगाडा जगापुढं आला. लडाखसाठी बनवलेला, 25 टनांचा. मी त्या कामावर कधी नव्हतो. पेपरात छापून आलं तेवढंच सांगतो. त्यात आधी जर्मन एमटीयू कंपनीचं इंजिन बसवायचं ठरलं होतं. जर्मनीकडून परवानगी मिळायला उशीर होत गेला, आणि शेवटी अमेरिकी कमिन्सचं 760 हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं. पुण्याच्या कोथरूडातली कमिन्स आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल, तोच हा घराणा. आता विचार कर: एवढी मोठी संस्था, हाताशी शेकडो इंजिनिअर; त्यांनाही इंजिन बदललं की गिअर, थंडावा, वजन यांचा हिशेब नव्यानं मांडावाच लागतो. मग गाडी आधी वाळवंटात पळवून बघितली, मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात 4200 मीटरहून उंच, विरळ हवेत नेऊन तोफ डागून बघितली. तू पाच हजार बयाणा देऊन थेट साक्रीला निघालास.

तो हसला. पण खरी अडचण गॅरेजात नव्हतीच, ती कपाटात होती. मी आरसी बुक काढलं. जुनं, कापडी पुठ्ठ्याचं. त्यात 'पेट्रोल' खोडून निळ्या शाईनं 'डिझेल' लिहिलेलं, नवा इंजिन नंबर, खाली सही-शिक्का. त्या काळी 1939 चा कायदा होता; बदल कळवायचा, मंजुरी घ्यायची, नोंद व्हायची. आज 1988 च्या कायद्याचं कलम 52 बरंच कडक आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येणार नाही. सीएनजी, एलपीजी नाहीतर बॅटरीचा मान्यताप्राप्त किट बसवायला वाट ठेवलेली आहे. त्याच जातीचं दुसरं इंजिन घालायचं तरी आधी आरटीओची परवानगी. पण पेट्रोलच्या गाडीत हौसेनं डिझेल घालणं, किंवा जुन्यात टर्बो घालणं, याला वाट नाही. पकडलं तर प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. शिवाय भंगारातलं इंजिन कुठल्या गाडीतून आलं, त्याची पावती आणि मूळ गाडीची नोंद रद्द झाल्याचा कागद नसेल, तर चोरीचा माल गळ्यात पडायचा तो वेगळाच.

"मग व्हिंटेजमध्ये नोंदवू," भाचा म्हणाला. गडी अभ्यास करून आला होता. 2021 च्या जुलैत केंद्रानं नियम काढले: पन्नास वर्षांहून जुनी खासगी गाडी 'व्हीए' अक्षरांच्या पाटीवर नोंदवता येते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. पण अट अशी की सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे ज्या बदलानं आमचं घर तगलं, माझं आणि तुझ्या आईचं शिक्षण झालं, त्याच बदलामुळे ही गाडी त्या यादीत बसत नाही. दोघंही बराच वेळ त्या निळ्या शाईकडे बघत बसलो.

पैशाच्या बाजूनंही आता इंजिन बदलण्यात राम नाही. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव सरकारनं मोकळे सोडले, आणि आप्पांच्या वेळची पेट्रोल-डिझेलमधली ती दरी कधीच राहिली नाही. मोठ्या भावाचं म्हणणं, सरळ स्क्रॅपला द्या, सर्टिफिकेट मिळेल, नव्या गाडीवर सूट मिळेल. त्याचंही चूक नाही. दर दिवाळीला गोठ्यात शिरलेल्या उंदरांचा बंदोबस्त तोच करतो.

जेवताना मला एक गोष्ट सुचली आणि मी हात तसाच ठेवून वही ओढली. त्या इंटरनॅशनलच्या इंजिनांत 144 च्या पुढं 154 घनइंचाचं एक होतं. साडेतीन इंच बोअर, चार इंच स्ट्रोक. 154 घनइंचाचे सीसी कर, म्हटलं. त्यानं मोबाइलवर केले. 2523. दोनदा करून बघितले. फोटोतल्या इंजिनाचा आकडा.

"म्हणजे हे आप्पांच्या इंजिनाचं भावकीतलंच?"

"तसं दिसतंय. तेव्हा भावकीतल्याला आणण्यापेक्षा घरातल्यालाच उठवून बघू."

बी-275 च्या स्लीव्ह, पिस्टन, रिंगा आजही ट्रॅक्टरच्या दुकानात मिळतात. इंजिन तेच, नंबर तोच, आरसीत नोंद आहेच; आरटीओत फक्त मुदत संपलेल्या नोंदणीचं आणि फिटनेसचं बघायचं, आणि ते नाही झालं तर गाडी शेतातच चालेल. भाच्यानं भंगारवाल्याला फोन लावला. बयाण्यातले तीन हजार परत मिळतायत, दोन गेले.

पुढच्या शनिवारी आम्ही साक्रीला जातोय. रविवारी सकाळी हेड उघडायचं. ज्यांना यायचं असेल त्यांनी या, जुने कपडे घालून. गोठ्यात वीज नाही, एक चांगली बॅटरी लागेल. आणि हेडच्या आधी चारही चाकं काढायची आहेत, ब्रेकचे सिलिंडर बघायला. ते भाच्यानं स्वतःच यादीत पहिलं लिहिलंय.