लिनक्स बसवून देऊ नका, बसवायला शिकवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आपल्या मोहल्ल्यांतले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. ज्या घरात एकाच लॅपटॉपवर तीन भावंडं अभ्यास करतात, त्या घराने काय करायचं?

मित्रांनो, लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही चालते. ४ जीबी असेल तर आरामात. ती मोफत आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप करता येतात. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षे संगणक शिक्षण लिनक्सवरच चालते. म्हणून वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा शादीखान्यात एका रविवारी लिनक्स शिबिर घ्या, असं माझं सांगणं आहे.

पण शिबिर कसं घ्यायचं? आपण इंजिनिअर मंडळी उत्साहाने समोरच्याचा लॅपटॉप ओढून घेतो, अर्ध्या तासात सगळं बसवतो आणि हातात परत देतो. घरी गेल्यावर प्रिंटर चालला नाही की तो मुलगा दुकानात जाऊन दोनशे-तीनशे रुपयांत चोरीचं विंडोज टाकून घेतो. आपली मेहनत वाया जातेच, शिवाय ‘हे आपल्याला जमणारं नाही’ हा त्याचा समज पक्का होतो. नुकसान खरं इथे आहे.

म्हणून माऊस त्याच्या हातात राहू द्या. आधी फोटो, मार्कशीट, दाखले यांची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायला लावा. प्रत नसेल तर इन्स्टॉल नाही. बिटलॉकर सुरू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवायला सांगा. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. यात हार्डडिस्कला धक्का लागत नाही. एखाद्याचं कामच विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असेल, तर त्याला स्पष्ट ‘नको’ म्हणा. तोही शिबिराचा उपयोगच आहे.

मुलींना येणं सोपं जाईल अशी दिवसाउजेडीची वेळ ठेवा आणि शिकवणाऱ्यांत मुली असू द्या. पुढचे चार रविवार त्याच जागी दोन तास कुणीतरी बसेल, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. मला तर मुख्य शिबिरापेक्षा हे चार रविवार जास्त महत्त्वाचे वाटतात.

संध्याकाळी ग्रुप फोटोखाली ‘चाळीस लॅपटॉपवर लिनक्स’ लिहिणं सोपं आहे. महिन्याभराने त्यांतले किती चालू आहेत आणि शिकायला आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्याला शिकवायला बसले, हे मोजा. आपल्या तरुणांना तंत्रज्ञानाचं नुसतं गिऱ्हाईक राहायचं नसेल, तर सुरुवात या मोजणीपासून करावी लागेल.