दोष नदीचा कीं माणसांचा?

महापूर येऊन गेला, वादळ होऊन गेलें, म्हणजे लोकांच्या तोंडीं पहिला उद्गार येतो तो 'दैवी कोप' हा होय. शोक आवरावयास हा शब्द बरा आहे. परंतु विचार करावयास तो निरुपयोगी आहे. तो उच्चारला कीं पुढील सर्व प्रश्न आपोआप मिटतात. धरणाची देखरेख कोणाकडे होती, धोक्याची सूचना आली होती कीं नव्हती, आली असल्यास ती कोणीं दडपली, हें मग कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तेथील नद्या, वादळें व निर्जल प्रदेश यांजवर जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांतील उत्तम ग्रंथ नेमके हेच प्रश्न विचारतात, आणि तेहि इतक्या रसाळपणें कीं हातांतील कादंबरी बाजूस ठेवावी. आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनीं हे ग्रंथ वाचावेत, आणि पालकांनीं त्यांस 'अवांतर वाचन' म्हणून नाक मुरडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आरंभ डेव्हिड मॅककलो यांच्या १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'द जॉन्सटाउन फ्लड' या पुस्तकापासून करावा. पेनसिल्व्हेनिया राज्यांत डोंगरांच्या दरींत जॉन्सटाउन हें पोलादाच्या कारखान्यांचें गांव होतें. त्याच्या वरच्या अंगास सुमारें १४ मैलांवर साउथ फोर्क येथें मातीचें एक जुनें धरण होतें. पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मंडळानें मासेमारी व नौकाविहार यांच्या करमणुकीसाठीं तें आपलेंसें केलें. पोलादाचे सम्राट् अँड्र्यू कार्नेगी व हेन्री क्ले फ्रिक हे या मंडळाचे सभासद होते. धरणाच्या तळाशीं पाणी सोडण्याचे लोखंडी नळ पूर्वी होते. ते आधींच्या मालकानें काढून विकले होते, व ते पुन्हां कोणीं बसविले नाहींत. धरणावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून माथा कांहींसा खालीं आणून रुंद केला. तळ्यांत सोडलेले मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या ठोकल्या. ३१ मे १८८९ रोजीं अतोनात पाऊस झाला तेव्हां त्या जाळ्यांत काटक्या व पालापाचोळा अडकला, पाणी माथ्यावरून वाहूं लागलें, आणि दुपारीं तीनच्या सुमारास धरण विरघळल्यासारखें नाहींसें झालें. तासाभरानें पाणी गांवावर आदळलें. घरें, झाडें, आगगाडीचीं इंजिनें, कारखान्यांतील काटेरी तारांचीं भेंडोळीं, सर्व एका दगडी पुलाशीं येऊन अडकलें व त्या ढिगाऱ्यास आग लागली. २,२०९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. मंडळावर दावे झाले. कोणासहि त्यांतून भरपाई मिळाली नाहीं. कार्नेगी यांनीं मात्र गांवास एक ग्रंथालय बांधून दिलें, आणि आज त्याच इमारतींत त्या पुराचें संग्रहालय आहे!

या पुस्तकाचा आम्हांस आवडणारा गुण असा कीं लेखक श्रीमंतांवर सर्व भार टाकून मोकळा होत नाहीं. धरण फुटणार, फुटणार, अशी आवई दर पावसाळ्यांत उठे आणि गांवकरी ती थट्टेवारी नेत, हेंहि तो तितक्याच निर्भीडपणें सांगतो.

याहून मोठा व पचावयास जड ग्रंथ म्हणजे जॉन बॅरी यांचा 'रायझिंग टाइड' (१९९७). विषय १९२७ सालचा मिसिसिपी नदीचा महापूर. परंतु आरंभींचा बराच भाग एकोणिसाव्या शतकांतील दोन इंजिनीयरांच्या वैरानें व्यापिला आहे. सेंट लुईसचा प्रख्यात पूल बांधणारा जेम्स ईड्स हा एक, आणि लष्करी इंजिनीयरांचा प्रमुख अँड्र्यू हंफ्रीज हा दुसरा. पुष्कळ वाचक येथेंच कंटाळून पुस्तक मिटतात. त्यांनीं तसें करूं नये, कारण पुराचें मूळ या भांडणांतच आहे. पुढें सरकारी धोरण ठरलें तें केवळ बांधांचें. दोन्ही तीरांस बांध घालून पाणी आवळावें, म्हणजे प्रवाहास वेग येईल, वेगानें तळ खरवडला जाईल, आणि नदी आपली आपणच खोल होईल, असा तो हिशेब होता. पुराचें पाणी बाजूस सोडण्याच्या जुन्या वाटा बुजविण्यांत आल्या. परंतु तळ हिशेबाइतका खरवडला गेला नाहीं. पाण्याची पातळी मात्र चढत गेली, आणि पातळी चढली म्हणून बांध आणखी उंच झाले. २१ एप्रिल १९२७ रोजीं माउंड्झ लँडिंग येथें बांध फुटला. त्या पुरांत एकंदर सुमारें २७,००० चौरस मैल मुलूख पाण्याखालीं गेला व ६ लाखांहून अधिक लोक बेघर झाले.

यापुढील भाग वाचतांना मन सुन्न होतें. ग्रीनव्हिल शहरापाशीं बांधाच्या अरुंद माथ्यावर हजारों कृष्णवर्णीय मजूर कुटुंबांसह अडकले होते. त्यांस नेण्यासाठीं आगबोटी आल्याहि होत्या. पण हे लोक एकदां गेले तर परत येणार नाहींत, मग आमचा कापूस कोण वेचणार, या धास्तीनें मळेवाल्यांनीं त्यांस जाऊं दिलें नाहीं. बंदुकीच्या पहाऱ्याखालीं त्यांजकडून राबवून घेतलें, आणि अंगावर खुणेची चिठ्ठी असल्यावांचून त्यांस अन्न मिळेना. तिकडे न्यू ऑर्लीन्स शहर वांचविण्यासाठीं तेथील पेढीवाल्यांनीं खटपट करून २९ एप्रिल रोजीं शहराच्या खालच्या अंगाचा कार्नार्व्हन येथील बांध सुरुंगानें उडवून दिला. त्या पाण्यांत ज्यांचीं घरें बुडालीं त्यांस पुरती भरपाई देण्याचें वचन होतें. बहुतेकांच्या हातीं फारच थोडें आलें किंवा कांहींच आलें नाहीं. वरच्या बाजूस बांध फुटून पाणी आधींच पसरत होतें, त्यामुळें शहरासाठीं सुरुंगाची गरजहि बहुधा नव्हती! पाणी सर्वांस सारखें बुडवितें असें आपण सहज म्हणतों. बॅरी यांचा ग्रंथ वाचल्यावर तें म्हणवत नाहीं. कोणाचें शेत बुडावें आणि कोणाची पेढी कोरडी राहावी, हें त्या वर्षीं माणसांनीं बैठकींत बसून ठरविलें होतें.

एरिक लार्सन यांच्या 'आयझॅक्स स्टॉर्म' (१९९९) या पुस्तकाविषयीं आमचें मत किंचित् निराळें आहे. ८ सप्टेंबर १९०० रोजीं टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन हें बेटावरील शहर वादळानें धुऊन नेलें. सहा हजारांहून कमी माणसें मेलीं असें कोणीच म्हणत नाहीं, व कित्येक हा आंकडा बारा हजारांपर्यंत नेतात. तेथील हवामान-अधिकारी आयझॅक क्लाइन यानें १८९१ सालीं वर्तमानपत्रांत लिहून या शहरास वादळाचें भय नाहीं असें छातीठोकपणें सांगितलें होतें. क्यूबामधील वेधकार, त्यांत हवाना येथील बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेंतील येशूसंघाचे पाद्री होते, वादळांचा माग काढण्यांत निष्णात होते. परंतु अमेरिकन हवामान खात्यानें अहंकारापायीं त्यांच्या तारांवर बंदी आणविली होती. हा भाग उत्तम आहे. मात्र क्लाइनच्या मनांत त्या त्या क्षणीं काय चाललें होतें हेंहि लार्सन रंगवून सांगतात, आणि तेथें इतिहास कोठें संपला व कल्पना कोठें सुरू झाली तें ओळखणें कठीण पडतें. वाचावें, पण सावधपणें.

पॉवेलचेंहि असेंच आहे. युद्धांत एक हात गमावलेल्या या भूगर्भशास्त्रज्ञानें १८६९ सालीं नऊ माणसें व चार होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या महादरींतून प्रवास केला, आणि त्याचा वृत्तांत १८७५ सालीं छापला. वर्णनें अप्रतिम आहेत. परंतु त्यानें नंतरच्या दुसऱ्या सफरींतील प्रसंग पहिलींत मिसळले, व त्या दुसऱ्या सफरींतील सोबत्यांचा नामोल्लेखहि केला नाहीं, हें विद्यार्थ्यांस सांगितलेंच पाहिजे. त्याचें खरें धैर्य पुढें दिसून आलें. पश्चिमेकडील सर्व जमीन भिजवील एवढें पाणीच तेथें नाहीं, असें त्यानें १८९३ सालीं पाटबंधाऱ्यांच्या परिषदेंत उभें राहून सांगितलें, तेव्हां सभेनें त्याची हुर्यो केली. पुढें १९२२ सालीं सात राज्यांच्या प्रतिनिधींनीं कोलोरॅडोचें पाणी वाटून घेतलें तें ज्या वर्षांच्या मोजमापावर, तीं वर्षें नेमकीं भरपूर पावसाचीं होतीं. नदींत नाहीं तितकें पाणी कागदावर वाटलें गेलें. ही कथा मार्क राइस्नर यांच्या 'कॅडिलॅक डेझर्ट' (१९८६) या ग्रंथांत सविस्तर आहे.

परमुलखांतील पुरांशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कोणी पालक विचारतील. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटून पुण्यांत काय झालें हें ज्या घरांतील वडीलधाऱ्यांस आठवतें, त्या घरांत तरी हा प्रश्न निघूं नये. दुसरा आक्षेप भाषेचा, व तो खरा आहे. बॅरी यांचें इंग्रजी शाळकरी मुलास जड जाईल. त्यांतील ग्रीनव्हिलचा भाग शिक्षकांनीं वर्गांत वाचून समजावून द्यावा. मॅककलो यांचें पुस्तक मात्र नववीच्या विद्यार्थ्यास शब्दकोश जवळ ठेवून स्वतः वाचतां येण्याजोगें आहे, आणि ग्रंथालयानें एकच प्रत घ्यावयाची असेल तर ती त्याचीच घ्यावी. भिंतीवरील अमेरिकेचा नकाशा त्या दिवशीं खालीं उतरवावा. पिट्सबर्ग शोधावें, तेथून पूर्वेस डोंगरांत बोट न्यावें, म्हणजे जॉन्सटाउन सांपडेल. त्या दरीचें पाणी पश्चिमेस वाहत ओहायो नदीस मिळतें, आणि ओहायो मिसिसिपीस.