मायक्रोबायोलॉजीवाली केमिकलला जाते तेव्हा

परवा सांगलीला गेलो होतो. चुलत बहीण मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालीय आणि आता तिला केमिकल इंजिनिअरिंगकडे, एम.टेक.ला जायचंय. काकांचं एकच पालुपद, "इंजिनिअरिंगच करायचं होतं तर पाच वर्षं कशाला घालवलीस?" मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी घरातला इंजिनिअर. (दिवसभर कोड लिहितो, पण ते त्यांना चालतं.)

माझ्या मते काहीही वाया गेलेलं नाही. आपल्या भागात तर हे पटायला पुस्तक लागू नये. साखर कारखान्याची मळी डिस्टिलरीत जाते, यीस्ट साखर खातं, अल्कोहोल तयार होतं. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम, हे ती झोपेतही सांगेल. पण आंबताना उष्णताही निघते. फ्लास्कमध्ये ती काचेतून निघून जाते. तेच भांडं सगळ्या बाजूंनी दहापट करा. आकारमान होतं हजारपट, पृष्ठभाग मात्र शंभरपटच. म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर पडायला जागा एक दशांश! टाकी तापली की यीस्ट मरतं. मग थंड पाणी किती, कॉइल केवढी... केमिकल इंजिनिअरिंग इथून सुरू होतं. पेनिसिलिनचंही काहीसं असंच. फ्लेमिंगना बुरशी दिसली १९२८ मध्ये, पण मोठ्या टाक्यांतून ते औषध निघायला १९४४ उजाडलं. उशिराची कारणं अनेक, पण शेवटचा टप्पा मार्गारेट हचिन्सन यांच्यासारख्या केमिकल इंजिनिअर्सचा होता. यीस्ट का मेलं हे जिला कळतं, तिने टाकीही शिकावी, यात चुकलं काय?

आणि आमच्या आयटीत मेकॅनिकल-सिव्हिलवाले रातोरात जावा शिकले, तेव्हा कुणी विचारलं होतं का वर्षं वाया गेली म्हणून? असो.

खरी अडचण वेगळीच आहे. गणित! बारावीला पीसीबी घेतलं आणि गणित दहावीलाच सुटलं. हीट ट्रान्स्फर, मास ट्रान्स्फर म्हणजे पानोपानी डिफरन्शियल इक्वेशन्स. गेटचा लाइफ सायन्सेसचा एक्सएल पेपर दिला तर हा विषय टळतो, म्हणून बरेच जण तोच देतात. मी तिला बीटी, म्हणजे बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दे म्हटलं. त्यात इंजिनिअरिंग मॅथ्सही आहे आणि बायोप्रोसेसही. आज टाळलेलं गणित पहिल्या सेमिस्टरला दारात उभं राहणारच. शिवाय थेट केमिकलचाच हट्ट कशाला? माटुंग्याच्या आयसीटीत बायोप्रोसेस टेक्नॉलॉजीचं एम.टेक. आहे, तो मधला रस्ता तिच्यासाठी जास्त सरळ. फक्त प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक बदलतात. माहितीपुस्तिका स्वतः वाचायची, 'कुणीतरी सांगितलं' यावर जायचं नाही.

काका अजून गप्पच आहेत. रात्री ती म्हणाली, "दादा, इंटिग्रेशन शिकवशील?" माळ्यावरून माझं फर्स्ट इयरचं पुस्तक काढलं, धूळ झटकली. तिसऱ्याच गणिताला मी अडकलो. उत्तर तिने काढलं.