परदेशी दूध येत नाही, मग आपल्या गोठ्यातल्या दुधाचा दर का पडतो?

न्यूझीलंडसोबतच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाल्या. दूध हा त्या देशाचा सगळ्यात मोठा धंदा. तरीही भारताने दूध, भुकटी, चीज करारातून बाहेर ठेवलं. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, तेव्हाही हेच. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क जाहीर केलं, तरी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड होणार नाही, असं पंतप्रधानांनी सांगितलं.

भारत एवढा का अडून बसतो?

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे २४ कोटी टन दूध झालं. जगातल्या दुधाचा हा जवळपास चौथा हिस्सा. आणि ते येतं कुठून? दोन-चार जनावरं असलेल्या कोट्यवधी घरांतून. न्यूझीलंडचं दूध आपल्या एक दशांशाहूनही कमी आहे, पण त्यातलं बहुतेक निर्यातीसाठीच असतं. ही स्वस्त भुकटी आली तर छोटे गोठे टिकणार नाहीत, ही भीती. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकमध्ये भारत 'आरसेप' करारातून बाहेर पडला, त्यामागे हेही मोठं कारण होतं.

दार बंद कसं ठेवलंय?

दोन कुलपं आहेत. पहिलं आयात शुल्काचं: भुकटीवर ६० टक्के, लोण्यावर ४० टक्के. दुसरं प्रमाणपत्राचं. ज्या जनावराचं दूध आहे, त्याला इतर जनावरांचं रक्त किंवा अवयव मिसळलेलं खाद्य दिलेलं नाही, हे लिहून द्यावं लागतं. 'मांसाहारी दूध' म्हणून सोशल मीडियावर गाजला तो हाच मुद्दा. या अटीला शास्त्रीय आधार नाही, अशी अमेरिकेची जुनी तक्रार आहे.

गंमत म्हणजे, १९७० मध्ये दूध महापूर योजना सुरू झाली ती युरोपातून मदत म्हणून आलेल्या भुकटी आणि बटर ऑइलवर. त्यापासून शहरांत दूध बनवून विकलं गेलं आणि त्या पैशातून सहकारी दूध संघ उभे राहिले. म्हणजे परदेशी भुकटी किती आणि कोणत्या अटीवर येते, यावर सगळा खेळ असतो.

मग दर का पडतो?

कारण दूध अडवलं तरी जागतिक भाव आत येतोच. महाराष्ट्रात गायीचं जादा दूध भुकटी आणि लोण्यासाठी जातं. भुकटी परदेशात खपली तर डेअरीकडे पैसा फिरतो. नाही खपली तर गोदामं भरतात आणि डेअऱ्या खरेदी दर कमी करतात.

२०१३-१४ मध्ये भारताची भुकटी निर्यात लाख टनांच्या पुढे गेली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या दुग्धपदार्थांवर बंदी घातली. एप्रिल २०१५ मध्ये युरोपने दूध उत्पादनावरची मर्यादा उठवली. चीनची मागणीही थंडावली. जगात भुकटीचे भाव कोसळले आणि आपली निर्यात आटली. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात टँकर अडवले गेले, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. त्या आंदोलनामागे ही घसरणही होती. शेवटी सरकारला लिटरमागे २५ रुपये दर, त्यासाठी ५ रुपये अनुदान आणि भुकटी निर्यातीला मदत जाहीर करावी लागली.

२०२४ मध्ये दर पडले, तेव्हा पुन्हा लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान आलं. पण जनावराच्या कानात बिल्ला हवा, त्याची ऑनलाइन नोंद हवी, अशा अटी होत्या.

आता लक्ष कशाकडे ठेवायचं?

दार बंद ठेवल्याने मोठा धोका टळतो, यात शंका नाही. पण त्याने उत्पादकाला दराची हमी मिळत नाही. उसाला एफआरपीचा कायदेशीर आधार आहे, दुधाला तसा नाही. त्यामुळे दर पडला की आंदोलन, आंदोलन झालं की अनुदान, हेच चक्र फिरतं.

पुढच्या कराराची बातमी आली की 'दूध वगळलं' एवढ्यावर थांबू नका. राज्यात भुकटीचा साठा किती आहे आणि डेअऱ्या आज लिटरला काय देतायत, हेही बघा. कारण सकाळी संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभा असलेला माणूस खर्चाचा हिशेब त्याच दरावर मांडत असतो.