पन्नास रुपयांचा प्रेषक

बिहारमधील मन्सूरपूरच्या एका रेडिओ-कारागिराने बांबूवर अँटेना बांधून ‘राघव एफएम’ चालवले. प्रेषकाचा खर्च जेमतेम ५० रुपये सांगितला जाई. परवाना नाही म्हणून २००६ मध्ये ते बंद झाले. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९५ मध्येच सांगितले होते!

कायद्याची धास्ती निराधार नव्हे. एका ट्रान्झिस्टरचा आंदोलक तापला की वारंवारता सरकते, आणि १०८ मेगाहर्ट्झच्या पलीकडे लगेच विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा लागतो. पण म्हणून खोलीबाहेरही न पोहोचणारा विद्यार्थ्याचा प्रेषक आणि गावभर ऐकू जाणारे केंद्र एकाच तराजूत? युरोपातील अनेक देशांत ५० नॅनोवॅटपर्यंत परवाना लागत नाही. आपल्या प्रयोगशाळांसाठी अशी सुस्पष्ट मर्यादा दूरसंचार विभागाने आखावी.