होमाईबाईंचे न टिपलेले चित्र

परवा सुरतेतच एका विवाहास गेलो असता एक दृश्य पाहिले. पाठवणीच्या वेळी वधूच्या आईने डोळ्यांस पदर लावला. चित्र साधले नाही म्हणून छायाचित्रकाराने त्या माउलीस पुन्हा एकदा पदर लावावयास सांगितले, आणि तिनेही तो मुकाट्याने लावला! घरी परतताना आम्हांस होमाई व्यारावाला यांची आठवण झाली.

होमाईबाई तशा आपल्या शेजारच्याच. सुरतेहून मुंबईच्या वाटेवर तीसएक किलोमीटरवर असलेली नवसारी हे त्यांचे जन्मगाव, साल १९१३. नवसारी तेव्हा सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात होती. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट. मुंबईस जे. जे. कलाशाळेत होमाईबाईंचे शिक्षण झाले; छायाचित्रण शिकविले ते माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. पहिली चित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'ने दर चित्रास १ रुपया देऊन घेतली. आरंभीची कित्येक चित्रे माणेकशांच्या नावाने छापली गेली. स्त्रीच्या नावाला त्या धंद्यात पत नव्हती.

१९४२ साली हे दांपत्य दिल्लीस गेले. अंगावर साडी, खांद्यावर अवजड कॅमेरा, अशा वेषात होमाईबाई सायकलवरून हिंडत. एक चित्र काढले की फिल्म बदलावयाची, जळालेला फ्लॅशचा बल्ब काढून नवा बसवावयाचा. तोवर समोरचा क्षण निघून गेलेला असे. त्यामुळे आधी पुष्कळ वेळ पाहावयाचे आणि मग एकदाच कळ दाबावयाची, ही सवय त्यांस लागली. माणसे आपल्या उपस्थितीचे भान विसरेपर्यंत त्या थांबत. 'असे उभे राहा, तसे पाहा' हा प्रकार त्यांस रुचत नसे. पालम विमानतळावर भगिनी विजयालक्ष्मींची वाट पाहत उभे असलेले पंडित नेहरू त्यांनी टिपले आहेत, आणि शेजारीच पाटी आहे, छायाचित्रणास सक्त मनाई! हा विनोद कोणास सांगून घडविता आला नसता. फाळणीच्या ठरावावर हात वर करणारे पुढारी, लाल किल्ल्यावरील पहिला ध्वज, माउंटबॅटन यांचे प्रयाण, हे सारे त्यांच्या कॅमेऱ्यात आहे.

एक चित्र मात्र नाही. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या होत्या. माणेकशांनी परत बोलावले. उद्या दोघे मिळून जाऊ, म्हणाले. तो उद्या उजाडला तो अंत्ययात्रेचा. अंत्यसंस्काराची चित्रे त्यांनी घेतली, परंतु त्या सायंकाळी आपण तेथे नव्हतो ही रुखरुख त्यांस जन्मभर राहिली.

१९६९ साली माणेकशा निवर्तले आणि पुढल्याच वर्षी होमाईबाईंनी व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि बेशिस्त त्यांस सोसवत नव्हती. वय ५६-५७, हात सराईत, नाव झालेले. तरी कॅमेरा ठेवला तो ठेवलाच. आम्हांस हा निर्णय थोडा कठोरच वाटतो. पुढल्या पिढीस शिस्त लावावयास अशी व्यक्ती मैदानात असावयास नको होती काय?

पुढे त्या बडोद्यास राहिल्या. १९८९ साली एकुलता मुलगा गेल्यावर एकट्या. घरातील सुतारकामसुद्धा स्वतः करीत. सबिना गडिहोके यांनी लिहिलेले चरित्र २००६ साली निघाले, २०११ साली पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या गेल्या.

त्या सर्व वर्षांत बडोद्यास आमचे येणे-जाणे होते. दांडिया बाजारातील आप्तांकडे उतरावे, श्रीखंड खावे आणि रात्रीच्या गाडीने सुरतेस परतावे. होमाईबाई त्याच गावात आहेत हे ठाऊक होते. पुढल्या खेपेस जाऊ, असे आम्हीही म्हणत राहिलो.