छायाचित्र आणि साक्ष

सहलीहून परतलेल्या काही विद्यार्थ्यांनी विजयदुर्ग येथील मराठी आरमाराच्या जुन्या गोदीची छायाचित्रे आम्हांस मोठ्या हौसेने दाखविली. छायाचित्रे पुष्कळ होती आणि त्यांत हसरे चेहरेही पुष्कळ होते; परंतु "गोदीच्या तोंडाशी गाळ कितपत साचला आहे?" असे विचारताच मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. जी वास्तू पाहण्यासाठी खानदेशातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत प्रवास केला, ती बिचारी कोणाच्या तरी खांद्याआड दडून राहिली होती! त्या प्रसंगावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

ही गोदी सामान्य नव्हे. किल्ल्यापासून आत, वाघोटन खाडीच्या काठी, बहुतांशी खडक फोडून ती केलेली असून तिची लांबी सुमारे ३५५ फूट व रुंदी सुमारे २२७ फूट आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावे आणि पाणी ओसरल्यावर त्याच्या तळाची डागडुजी करावी, अशी ही योजना. १७५६ साली इंग्रज व पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्रे यांचे आरमार येथेच जळाले. पुढे आनंदराव धुळपांच्या आधिपत्याखाली पेशव्यांचे आरमार याच बंदरात नांदले आणि १८१८ साली सर्वच इंग्रजांच्या हाती गेले. २०२५ साली विजयदुर्ग किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि यादीत नाव चढल्याने खाडीचा गाळ काही थांबत नाही.

आमचे मत असे की, अशा वास्तूचे एक सुंदर छायाचित्र घेण्यापेक्षा एकच साधे छायाचित्र दरवर्षी घेणे अधिक मोलाचे आहे. घरोघरी आई मुलाला चौकटीशी उभे करून त्याच्या उंचीची खूण करिते. ती खूण दरवर्षी त्याच चौकटीवर असते, म्हणूनच मूल किती वाढले ते कळते. वास्तूचेही तसेच आहे. जागा तीच असावी, दिशा तीच असावी, मोजमाप समजावे म्हणून शेजारी एक काठी उभी करावी आणि मागे दिवस व वेळ लिहावी. गोदीच्या बाबतीत तर तारखेपेक्षा तिथीच धरावी हे बरे. कारण भरती-ओहोटी चंद्राच्या कलांप्रमाणे चालते. एका वर्षी भरतीस व दुसऱ्या वर्षी ओहोटीस छायाचित्र घेतले, तर गाळ वाढला की पाणी उतरले, हे कोणास सांगता येणार?

यावर कोणी म्हणेल, "छायाचित्रे काढून भिंत थोडीच उभी राहणार? तोच पैसा दुरुस्तीस लावावा." हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु कोणता दगड कोठे होता हे ज्यास ठाऊक नाही, तो दुरुस्ती कशाची करणार? त्याच्या हातून नवीच भिंत उभी राहील आणि जुनी कायमची जाईल.

या बाबतीत धडा घेण्यास दूर जावयास नको. मेजर रॉबर्ट गिल यांची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. जवळजवळ वीस वर्षे त्यांनी त्या कामी वेचली. परंतु १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक प्रतिकृती जळून गेल्या. त्यांनी कॅमेऱ्याने घेतलेली लेण्यांची ७४ छायाचित्रे मात्र १८६४ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्या काळी लेणी कशी दिसत, याची साक्ष ती आजही देतात. हे गिलसाहेब १८७९ साली निवर्तले. त्यांची कबर आपल्या भुसावळात आहे. आमच्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहे?

विजयदुर्गास दरवर्षी जाणे आम्हां खानदेशवासीयांस शक्य नाही, हे कबूल. पण तापीकाठचा थाळनेरचा किल्ला व तेथील फारुकी सुलतानांच्या कबरी, लळिंगचा डोंगरी किल्ला, पारोळ्याचा भुईकोट, ही तर आपल्या दाराशी आहेत. आज अनेक घरी कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. उणीव आहे ती नेमाची. म्हणून विद्यार्थ्यांस विनंती, की आपल्या गावाजवळची एक भिंत, एक बुरूज, एक पायविहीर निवडावी आणि दर दिवाळीच्या सुटीत तिचे एक छायाचित्र घेऊन वहीत नोंद करावी. पालकांस विनंती, की त्या दिवशी मुलाबरोबर जावे, काठी धरावी आणि आपल्या लहानपणी तो बुरूज कसा होता ते त्यास सांगावे. दहा वर्षांनी हा विद्यार्थी शाळा सोडून गेलेला असेल. पण त्याची वही उघडणाऱ्यास कोणता दगड कोणत्या वर्षी ढळला ते समजेल. आणि हसरे चेहरे? तेही अवश्य टिपावेत; मात्र आधी बुरुजाचे छायाचित्र घ्यावे, मग आपले.